दुधाचा महापूर आणि दोन गाईंचा संसार



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठी विद्वान मंडळी बोलून गेली. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते कारखान्याच्या दरवाज्यावरच्या सभांत आणि गावच्या मोफत वाचनालयात. तेव्हा आज शास्त्रशुद्ध अर्थशास्त्र ऐकावयास मिळेल अशी अपेक्षा आपण ठेवू नये. चालकांनी विषय सुचविला तो युरोपातील दूधधोरणाचा. आम्ही म्हटले, बोलतो. पण युरोपला वळसा घालून कृष्णाकाठी परत येण्याची मुभा असावी. ती त्यांनी दिली.

जुलै २०१८ मध्ये आपल्या भागात दुधाचे आंदोलन झाले. टँकर अडविले गेले, रस्त्यावर दूध ओतले गेले. त्या दिवसांत आम्हांला शहरातल्या सुशिक्षित माणसांनी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला : "दूध ओतण्यापेक्षा गोरगरिबांना वाटले असते तर काय बिघडले असते?" प्रश्न वाईट मनाने विचारलेला नव्हता. काही गावांत दूध वाटलेही गेले. पण शेतकरी आपल्याच हाताने आपलेच दूध ओतण्याच्या टोकाला का येतो, हे समजून घेण्याला थोडा वेळ द्यावा लागतो. आजची सायंकाळ त्यासाठीच आहे.

आधी एका शब्दाकडे लक्ष वेधू. आपल्या सातारा-सांगली भागात दर दहा दिवसांनी डेअरीकडून दुधाचे पैसे मिळतात. त्याला आपली माणसे काय म्हणतात? 'दुधाचा पगार.' दिवाळीला वर जे काही मिळते, त्याला कोणी 'फरक' म्हणतात, कोणी सरळ 'बोनस' म्हणतात. आम्ही कामगार चळवळीतले, म्हणून हे शब्द आमच्या कानाला लागतात. पगार आहे, बोनस आहे. पण हजेरीपट नाही, सुट्टी नाही, फंड नाही आणि मालक कोण म्हणावा तर तोही नाही. पहाटे पाचला उठून शेण काढणारी, वैरण टाकणारी, धार काढून किटली सेंटरवर पोचविणारी ती बहुधा घरातली बाई असते, आणि पुष्कळ ठिकाणी सेंटरच्या पुस्तकात नाव मात्र तिच्या नवऱ्याचे असते. हे जाता जाता सांगितले. पण दुधाच्या दरातून जेव्हा पाच रुपये जातात, तेव्हा ते कोणाच्या मजुरीतून जातात हे ध्यानात असावे.

सातारा आणि सांगली हा १९४९ पर्यंत एकच जिल्हा होता. त्यातून दक्षिण सातारा वेगळा काढला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. माणसे मुंबईला गिरणीत आणि गोदीत, बायका गावी शेताला, ही इथल्या संसाराची जुनी घडी. १९८२ साली गिरण्यांचा संप झाला आणि शेकडो घरांत मनीऑर्डर यायची थांबली. त्या काळात दावणीच्या एका म्हशीवर मीठमिरची चालविलेली घरे आमच्या ओळखीची आहेत. १९३९ साली भिलवडीला चितळ्यांची डेअरी उभी राहिली. पुढे सहकारी संघ आले, कराडचा कोयना संघ आला, वाळवे तालुक्यात राजारामबापूंच्या नावाचा संघ आला, फलटणकडे खाजगी डेअऱ्या वाढल्या. ऊस वर्षातून एकदा पैसा देतो. दूध दहा दिवसांनी देते. किराणा, शाळेची फी, दवाखाना हे सगळे दुधावर चालते, आणि ऊस येतो तो कर्ज फेडायला. माण, खटाव, जत, आटपाडीत तर ऊसही फारसा नाही. तिथे दूध हेच पीक.

आता युरोप. दुसऱ्या महायुद्धात युरोपने उपासमार पाहिली होती. त्यामुळे तिकडच्या देशांनी एकत्र येऊन जे शेतीधोरण आखले, त्यात ठरले की शेतकऱ्याला हमी भाव द्यावयाचा आणि बाजारात खपणार नाही तेवढे लोणी आणि दूधभुकटी सरकारी यंत्रणेने विकत घ्यावयाची. हेतू चांगला होता. पण हमी जितक्या लिटरला तितकी रक्कम, म्हणजे ज्याच्या गाई जास्त त्याला पैसा जास्त. गोठे फुगले. सिक्को मॅनशोल्ट नावाच्या डच मुत्सद्द्याने, जो या धोरणाचा एक शिल्पकारच होता, १९६८ साली सांगितले की हे चालणार नाही. सुमारे पन्नास लाख माणसांनी शेती सोडावी आणि उरलेल्यांनी मोठी शेते करावीत. त्यावर मार्च १९७१ मध्ये ब्रसेल्सच्या रस्त्यावर शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा निघाला आणि त्यात एक माणूस मेला. मॅनशोल्टची योजना बरीच छाटली गेली. माणसे मात्र शेतीतून गेलीच. योजनेने गेली नाहीत, ती दिवाळखोरीने गेली.

१९८६ च्या सुमारास युरोपच्या शीतगृहांत दहा लाख टनांहून अधिक लोणी साठले होते. तिकडचे लोक थट्टेने लोण्याचा डोंगर आणि दुधाचे तळे म्हणू लागले. मग १९८४ साली बसविलेला कोटा अधिक कडक केला. प्रत्येक देशाने आणि प्रत्येक शेतकऱ्याने किती दूध घालावयाचे ते ठरलेले, त्यावर गेल्यास दंड. एकतीस वर्षे हा कोटा चालला आणि ३१ मार्च २०१५ रोजी उठला. उठताच व्हावयाचे तेच झाले. दूध वाढले, रशियाने आपली बाजारपेठ युरोपीय मालाला आधीच बंद केली होती, चीनची खरेदी मंदावली, भाव कोसळले. सरकारी गुदामांत पुन्हा साडेतीन लाख टनांहून अधिक भुकटी जमा झाली आणि ती संपावयाला २०१९ उजाडले. २०१६ साली तर युरोपीय संघाने पंधरा कोटी युरो बाजूला काढून शेतकऱ्यांना सांगितले की दूध कमी घाला. न घातलेल्या प्रत्येक किलोला चौदा सेंट देऊ. चाळीस हजारांहून अधिक शेतकऱ्यांनी ते घेतले.

आपल्याला हे ऐकून हसू येईल. आम्हांला आले नाही. दूध जास्त झाले तर ते कमी करण्याचा खर्च सार्वजनिक तिजोरीने सोसावा, एकट्या शेतकऱ्याने नव्हे, एवढी गोष्ट तिथे निदान एकदा मान्य झाली.

पण कोट्याने लहान शेतकरी वाचला का? जर्मनीचे पाहा. १९८४ साली तेथे साडेतीन लाखांहून अधिक दूध उत्पादक होते. कोटा उठला तेव्हा पाऊण लाखाच्या आसपास राहिले होते आणि आज पन्नास हजारांच्या घरात आहेत. कोटा दुधाला बांध घालीत होता, माणसाला आधार देत नव्हता. शिवाय पुढे पुढे तो विकता-घेता येऊ लागला. मोठ्याने लहानाचा कोटा विकत घेतला, लहानाने गोठ्याला कुलूप लावले. ही गोष्ट मनात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

त्या युरोपीय डोंगराचा आपल्याशी थेट संबंध आहे. १९७० साली आपल्या देशात दुधाच्या महापुराची योजना सुरू झाली, तिचे पहिले भांडवल म्हणजे युरोपला जड झालेली भुकटी आणि लोणीतेल. पहिल्या टप्प्यात १ लाख २६ हजार टन भुकटी आणि ४२ हजार टन लोणीतेल जागतिक अन्न कार्यक्रमातर्फे देणगी म्हणून आले. फुकट आलेला माल फुकट किंवा स्वस्त विकला असता तर इथली म्हैस आणि इथली गाय त्याच वर्षी बाजारातून उठली असती. आफ्रिकेतल्या काही देशांत युरोपच्या स्वस्त भुकटीने असे घडलेही. डॉ. कुरियन यांनी ती भुकटी इथल्या दुधाच्या भावाला धक्का लागणार नाही अशा बेताने शहरांच्या डेअऱ्यांना विकली आणि आलेल्या पैशातून सहकारी संघ, शीतकरण केंद्रे, टँकर उभे केले. या योजनेत दोष पुष्कळ होते आणि तिच्यावर टीकाही कडक झाली. पण जास्तीचा माल कोणाच्या हातात आहे यावर तो विष ठरतो की खत, हा धडा आम्ही तिथून घेतो.

मग १९९१ चे नवे आर्थिक धोरण आले, १९९२ साली दूधविषयक नवा केंद्रीय आदेश आला, २००२ साली डेअऱ्यांना नेमून दिलेल्या दूध संकलनाच्या क्षेत्रांचे बंधन गेले. खाजगी डेअऱ्या गावोगाव आल्या. त्यांना शिव्या देणे सोपे आहे. आम्ही देणार नाही, कारण कित्येक गावांत सहकारी संघ पुढाऱ्याच्या जावयाला टँकरचे कंत्राट देण्यात गुंतला होता आणि खाजगीवाल्याने दहा दिवसांचा पगार दहाव्या दिवशी चुकता केला. पण भाव ठरविण्याची जागा गावातून आणि संघाच्या सभेतून उठली आणि भुकटीच्या बाजारात जाऊन बसली, हे खरे.

ती कशी बसली ते नीट पाहू. शंभर लिटर गाईच्या दुधातून सुमारे चार किलो लोणी आणि साडेआठ-नऊ किलो भुकटी निघते. डेअरीकडे आलेल्या शंभर लिटरांतले समजा ऐंशी लिटर पिशवीत, दह्यात, पनीरात खपले आणि वीस लिटर भुकटीला गेले. भुकटीचा भाव पडला आणि त्या वीस लिटरांवर डेअरीला लिटरमागे दहा रुपये तोटा आला. एकूण तोटा दोनशे रुपये. तो शंभर लिटरांवर वाटला तर लिटरला दोन रुपये पडतो. पण शेतकऱ्याचा दर दोन रुपयांनी उतरत नाही. जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने ३.५ फॅट आणि ८.५ एस.एन.एफ.च्या गाईच्या दुधाला ३४ रुपये किमान दर जाहीर केला. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमाराला तोच दर २७ रुपयांवर आणि त्याखालीही आला होता. वरची बेरीज आम्ही समजण्यासाठी मांडली. डेअऱ्यांचे खरे हिशेब आम्हांला कोणी दाखवीत नाही. पण आपण शहरातली माणसे आहात. त्या दिवाळीला आपल्या पिशवीची किंमत सात रुपयांनी उतरली होती का, ते आपणच आठवा.

गिरणगावात पहाटे दरवाज्यावर बदली कामगार उभे असत. ते संख्येने थोडे. पण त्यांच्याकडे बोट दाखवून आतल्या सगळ्यांची मजुरी दाबता येई. भुकटीला जाणारे वीस लिटर दूध हा दुधाच्या धंद्यातला बदली कामगार आहे.

दोन गाईंच्या घराला याचा अर्थ काय? दिवसाचे वीस लिटर दूध धरा. चौतीसने ६८० रुपये, सत्तावीसने ५४०. दिवसाला १४० रुपये गेले, महिन्याला ४,२००. गोळीपेंडीचे पोते त्यामुळे स्वस्त होत नाही, डॉक्टर फी कमी घेत नाही, बँकेचा हप्ता थांबत नाही. इथे सगळ्या शहाण्या पुस्तकांना चकविणारी गोष्ट घडते. पुस्तक म्हणते, भाव पडला की उत्पादन घटेल. शेतकऱ्याचा हप्ता ठरलेला असतो, म्हणून तो भाव पडला की आणखी एक गाय आणतो, दूध वाढवितो. कामगाराचा दर कमी केला की तो ओव्हरटाइम मागतो, तसेच हे. कोटा उठल्यावर युरोपात हेच झाले आणि आपल्याकडेही हेच होते. अतिरिक्त दुधामुळे भाव पडतो हे आपण रोज ऐकतो. पडलेल्या भावामुळे दूध अतिरिक्त होते, हे कोणी सांगत नाही.

आणि संप? गिरणीचा भोंगा बंद ठेवता येतो, यंत्राचा पट्टा उतरविता येतो. कास बंद ठेवता येत नाही. धार काढली नाही तर जनावर आजारी पडते. काढलेले दूध सायंकाळपर्यंत टिकत नाही. हातातला माल ना रोखून धरता येतो, ना साठविता येतो. म्हणून दूधवाल्याच्या संपात दूध सांडते. सप्टेंबर २००९ मध्ये बेल्जमच्या शेतकऱ्यांनी तीस लाख लिटर दूध शेतात फवारले. नोव्हेंबर २०१२ मध्ये ब्रसेल्सला युरोपीय संसदेच्या इमारतीवर नळीने दूध मारले. त्यांच्या दाराशी ट्रॅक्टर आणि मोटारी होत्या, आपल्याकडे फटफटीला दोन किटल्या; पण दोघांनी जे केले ते एकच. २०१८ च्या आंदोलनानंतर इथे डेअऱ्यांनी पंचवीस रुपये दर द्यावा असे ठरले आणि भुकटीच्या दुधासाठी सरकारने लिटरला पाच रुपये देऊ केले. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेले आणि मिठाईची दुकाने बंद झाली, तेव्हा सरकारने रोजचे दहा लाख लिटर दूध पंचवीस रुपयांनी घेऊन भुकटी करण्याचे ठरविले. २०२४ च्या जानेवारीत पुन्हा पाच रुपये अनुदान आले आणि त्याच वर्षी पुढे ते सात झाले. अनुदानाला अट अशी की गाईच्या कानात बिल्ला हवा, बिल्ल्याची नोंद संगणकावर हवी, ती नोंद धन्याच्या आधार आणि बँक खात्याशी जुळावी. ज्या बाईने धार काढली तिला या तिन्ही गोष्टी एका ओळीत आणताना किती हेलपाटे पडले ते आम्ही पाहिले आहे. कित्येकांचे पैसे त्या नोंदीतच अडकले. शिवाय हे अनुदान लिटरवर असल्यामुळे ज्याचे लिटर जास्त त्याला ते जास्त मिळाले. युरोपने पन्नास-साठ वर्षांपूर्वी केले तेच.

जमीन आणि पाणी यांचाही हिशेब यात आहे. दुभती संकरित गाय उन्हाळ्यात दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी सहज पिते, आणि तिची हिरवी वैरण पिकवावयाला लागणारे पाणी वेगळेच. माण-जतमध्ये माणसांना टँकरने पाणी येते त्या वर्षी जनावरे छावणीत जातात. २०१२-१३ ला गेली, २०१९ ला गेली. नेदरलँड्समध्ये उलट प्रश्न आहे. तिथे पाणी आहे, गवत आहे, पण इतकी जनावरे एका जागी दाटली की शेण-मुताने जमीन आणि हवा नासू लागली. मे २०१९ मध्ये तिथल्या न्यायपीठाने सरकारची नायट्रोजनविषयक योजना बेकायदा ठरविली आणि त्यानंतर शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले. दोन गाईंचे शेण खत असते, दोन हजार गाईंचे शेण तंटा असतो. आपल्याकडे अजून बहुतेक दूध पहिल्या प्रकारचे आहे. एका दावणीचे शेण त्याच घरच्या उसाला जाते आणि उसाचे वाढे त्याच दावणीला येतात. लहान गोठा मागासलेला म्हणून हिणविणाऱ्या तज्ज्ञांनी एकदा डच लोकांना विचारावे.

एक अवघड गोष्ट सोडून चालणार नाही. भाकड गाय आणि संकरित गाईचा गोऱ्हा यांचे काय करावयाचे? १९७६ च्या कायद्याने गाय आणि २०१५ च्या दुरुस्तीने बैल-वळू यांच्या कत्तलीला राज्यात बंदी आहे. त्या कायद्याच्या धर्मकारणात आम्ही आज शिरत नाही. पण समाजाने जनावर सांभाळावयाचे ठरविले तर वैरणीचे बिल समाजाच्या नावावर निघाले पाहिजे. ते आज दोन गाईंच्या घराच्या नावावर निघते आणि दुधाच्या उत्पादनखर्चात कोणी धरीत नाही.

मग करावे काय? उसाला केंद्र सरकार किमान दर ठरविते आणि चौदा दिवसांत पैसे देण्याचा कायदा आहे. तो मोडतात, हे आम्हांला साखरपट्ट्यात राहून माहीत आहे, पण मोडला म्हणावयाला कायदा तरी आहे. राज्याचा २०१३ चा कायदा उत्पन्नाची ७०-३० वाटणीही सांगतो. दुधाला यातले काही नाही. २०२३ चे ३४ रुपये हा सरकारी निर्णय होता, तो न पाळणाऱ्या खाजगी डेअरीला हात लावण्याची सोय त्यात नव्हती. दुधालाही किमान दर आणि वाटणीचा कायदा हवा ही मागणी शेतकरी संघटना करीत आहेत आणि ती रास्त आहे. आम्ही तिला कामगारांच्या अनुभवातून एक जोड देतो.

माथाडी कामगाराचा मालक कोण? सकाळी एका पेढीचे पोते, दुपारी दुसऱ्या पेढीचे. कोणीही म्हणे, हा आमचा नोकर नव्हे. आपल्या पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील यांनी या माणसांची संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यात मंडळ आले : सरकार, मालक, कामगार असे तिघांचे. पोते उचलविणाऱ्या प्रत्येकाने मजुरी आणि तीवर ठरलेली लेव्ही मंडळात भरावयाची; त्यातून फंड, रजा, बोनस. एकही मालक नसलेल्या माणसाला सगळ्या मालकांनी मिळून सांभाळावे, अशी ही युक्ती. दूध उत्पादकाचे तसेच मंडळ का असू नये? पिशवीतून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक लिटरमागे सहकारी असो की खाजगी, प्रत्येक डेअरीने थोडे पैसे मंडळात भरावेत. पुष्टकाळात दूध वाढले की भुकटीचा तोटा त्या निधीतून भरावा आणि हिशेब खुला असावा. जर्मनीचा धडा विसरू नये म्हणून हमी लिटरला न देता घराला द्यावी : प्रत्येक घराच्या पहिल्या वीस लिटरांना पक्का दर, त्यापुढच्याला बाजाराचा. शंभर गाईंच्या धन्याशी आमचे वैर नाही, पण त्याला बँक भेटते.

यावर आक्षेप येतील. डेअरीवाले म्हणतील, शेजारच्या राज्यातून येणाऱ्या दुधाला लेव्ही नाही, आम्ही बुडू. हा आक्षेप खरा आहे आणि त्यासाठी विक्रीच्या जागी लेव्ही घ्यावी लागेल, मग पिशवी कोल्हापूरची असो की गुजरातची. २०१९ च्या नोव्हेंबरात भारताने पूर्व आशियाच्या व्यापार करारातून अंग काढून घेतले, त्यात न्यूझीलंडच्या भुकटीची धास्ती हे एक मोठे कारण होते. सीमेवर भुकटी अडविली हे बरे केले. पण आतल्या आत भाव पाडणारी भुकटी आपलीच आहे, तिला सीमेवर अडविता येत नाही.

आणि आपण विचाराल, आमची पिशवी महागणार का? काही पैशांनी कदाचित महागेल. मात्र महागण्यापूर्वी सध्याच्या किमतीतले किती पैसे कोणाला जातात हे कळण्याचा आपल्याला हक्क आहे. पिशवीवर चरबीचे प्रमाण छापतात, तारीख छापतात, ग्राहकाने द्यावयाची किंमत छापतात. त्याच पिशवीवर आणखी एक ओळ छापावी, की गेल्या दहा दिवसांत उत्पादकाला लिटरला काय दर दिला, असा ठराव आमच्या युनियनने केला आहे. त्यावर नुसत्या शेतकऱ्यांच्या सह्या घेऊन भागणार नाही, दूध विकत घेणाऱ्यांच्याही हव्यात. सह्यांचे कागद बाहेर पुस्तकविक्रीच्या टेबलाशेजारी ठेवले आहेत.